पायलीभर धानाची पोरगी

“हा शब्द तुमचा की त्या नर्सबाईचा?”

एलेननं माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एकेक बोट टेकवलं. डावीकडे एका जुन्या फ्रेंच रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स. उजवीकडे त्याचा इंग्रजी अनुवाद, खाली ‘सर्टिफाइड ट्रान्सलेशन’चा शिक्का आणि त्यावर माझी सही. शिक्क्यात गावाचं नाव होतं, चंद्रपूर. तेवढ्यावरून माग काढत ही बाई फ्रान्सहून थेट माझ्या दारात येऊन उभी राहिली होती.

मी म्हटलं, “माझा.”

“फ्रेंचमध्ये हा शब्द मी रोज बोलते,” ती म्हणाली. “तेव्हा तो लागत नाही. तुमच्या इंग्रजीत वाचला तेव्हा लागला. मग मी तिकीट काढलं.”

आमचं बोलणं फ्रेंचमध्ये चाललं होतं. इथे मराठीत देते आहे.

आधी माझा धंदा सांगते. मी फ्रेंचमधून इंग्रजीत अनुवाद करते. वीस वर्षं पुण्यात नोकरी केली, आता चंद्रपुरात घराच्या पुढच्या खोलीत बसून करते. बहुतेक काम पंपांच्या, बॉयलरच्या आणि शेतीयंत्रांच्या मॅन्युअलचं. गल्लीतल्या लोकांना अजूनही वाटतं की मेश्राम मॅडम घरी टायपिंग करतात. मीही समजावण्याच्या भानगडीत पडत नाही.

पुण्याची एक एजन्सी मला काम पाठवते. तिथल्या अभय सरांनी काही महिन्यांपूर्वी एक फाइल पाठवली होती. “जुनी फाइल आहे मॅडम, चारच पानं. सोपं आहे. उद्यापर्यंत द्या.” सोपं आहे असं अभय सर म्हणाले की मी चहा जास्त टाकते. पण ती खरंच सोपी निघाली. पंचेचाळीस वर्षांपूर्वी एका बालगृहात फ्रेंच बोलणारी एक नर्स होती, आणि रजिस्टर तीच लिहायची. ते बालगृह केव्हाच बंद पडलं. एका मुलीबद्दलच्या तिच्या नोंदी होत्या. नाव कचरा. पुढे नर्सबाईनं टीप दिलेली, या शब्दाचा अर्थ केरकचरा. वय अंदाजे तीन. आई गिरजाबाई, क्षयरोगी, मुलीला इथे ठेवून दवाखान्यात भरती झाली आणि तिथेच वारली. नातेवाईक नाहीत. मग शेवटची नोंद. एक बाई मुलीला ‘रप्रांद्र’ करायला आली होती, धान्याचं एक माप देऊन आपण ती विकत घेतली आहे असं तिनं सांगितलं, तिला नकार दिला. पुढे मुलगी फ्रान्समधल्या एका जोडप्याला दत्तक गेली.

ती मुलगी माझ्यासमोर बसली होती. अठ्ठेचाळीस वर्षांची, आखूड केस, चष्मा, हातात पाण्याची बाटली. दिल्लीच्या वकिलाला मूळ कागदपत्रं मिळवायला इंग्रजी प्रत लागत होती, म्हणून तो अनुवाद करून घेतलेला.

आता तो शब्द. रप्रांद्र. शब्दशः बघाल तर ‘पुन्हा घेणं’. पण फ्रेंच माणूस तो इतक्या ठिकाणी वापरतो की माझ्या डिक्शनरीत त्याला दीड पान लागलं आहे. बंद पडलेला पंप परत सुरू झाला, रप्रांद्र. इंग्रजीत तिथे रिझ्यूम. पाहुण्याला आणखी भात वाढला, रप्रांद्र. इंग्रजीत सेकंड हेल्पिंग. मास्तरांनी पोराची चूक सुधारली, तेही तेच. इंग्रजीत करेक्ट. आजारातून उठून माणसानं बळ धरलं, रिगेन. ढिला झालेला सदरा शिंप्यानं आत घेतला, टेक इन. दुकानानं विकलेला माल परत घेतला, टेक बॅक. लावलेलं रोप चार दिवस मान टाकून मग जीव धरतं, तेव्हाही फ्रेंच शेतकरी हाच शब्द म्हणतो. एकट्या फ्रेंच शब्दाच्या घरी इंग्रजीचे डझनभर भाडेकरू, आणि प्रत्येकाचं दार वेगळं. कुठलं दार ठोकायचं हे ठरवण्याचेच आम्हाला पैसे मिळतात.

ते ठरवायची माझी एक पद्धत आहे. शब्दाचा शेजार बघायचा. इथे शेजारी ‘विकत घेतली’ होतं. विकत घेतलेली वस्तू परत मागतात त्याला इंग्रजीत रिक्लेम म्हणतात. मी रिक्लेम लिहिलं, शिक्का मारला आणि पंपाकडे वळले. खरं सांगायचं तर नाक मुरडूनच लिहिलं. पोर विकत घेणारी बाई, तिच्यासाठी कोण दुसरा शब्द शोधत बसणार?

“मी बालवाडीत शिकवते,” एलेन म्हणाली. “रोज साडेचारला पोरांच्या आया त्यांना रप्रांद्र करायला, घरी न्यायला येतात. दारात उभ्या राहतात, पोरं पळत जातात. मी अठराव्या वर्षी ही फाइल उघडली. कचरा म्हणजे काय ते कळलं, विकत घेतल्याचं कळलं. पण तो एक शब्द होता ना, त्यामुळे मला वाटत राहिलं की कोणीतरी साडेचारला आलं होतं. तुमच्या इंग्रजीत कोणी आलेलं नाही. फक्त गिऱ्हाईक आलंय.”

मी दोन्ही कागद जवळ ओढून पुन्हा वाचले.

“मला एकच विचारायचंय,” ती म्हणाली. “माझ्या आईनं मला विकलं होतं का? हो असेल तर हो. पण कोणाच्या तरी तोंडून ऐकायचंय. तुम्ही इंटरप्रिटर म्हणून याल?”

नर्सबाईनं गावाचं नाव फ्रेंच कानांनी ऐकून लिहिलं होतं, त्यामुळे एलेनला नकाशावर ते कधी सापडलं नव्हतं. मी ते मोठ्यानं तीनदा म्हटलं आणि ओळखलं. आरमोरीपासून आत पंधराएक किलोमीटर. नाव इथे देत नाही.

अभय सरांना फोन केला.

“जा मॅडम, जा. पण इंटरप्रिटरचे नियम पाळा. जे बोललं जाईल तेवढंच सांगायचं. सल्ला नाही, स्पष्टीकरण नाही, रडारड नाही.”

“रडारड कोण करतंय?”

“तुम्ही नाही करणार हो. तरी सांगितलं.”

इंटरप्रिटरचा आणखी एक नियम असतो, तो बाहेरच्या लोकांना विचित्र वाटतो. समोरचा ‘मी’ म्हणाला की आम्हीही ‘मी’च म्हणायचं. ‘त्या असं म्हणतात’ वगैरे नाही. बोलणाऱ्याच्या तोंडातलं वाक्य जसंच्या तसं आपल्या तोंडात घ्यायचं, मग ते कडू असो की गोड. पंपाच्या मीटिंगमध्ये याचा काही त्रास होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मूल, गडचिरोली, मग आरमोरी. दोन्हीकडे रोवणी चालू होती. झाडीत, म्हणजे आमच्या या पूर्व विदर्भाच्या भागात, धानाची रोपं एका जागी दाट वाढवतात, त्यांना पऱ्हे म्हणतात. ते उपटून, पेंड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत ओळीनं परत लावायचे, ती रोवणी. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी अडवलेला शेताचा तुकडा. एलेन सगळा रस्ता खिडकीला चिकटून होती. वाकलेली प्रत्येक बाई ती मान वळवून बघत होती. वैनगंगेच्या पुलावर तिनं मला विचारलं, “इथल्या बायका माझ्यासारख्या दिसतात का?” मी म्हटलं, “तुम्ही त्यांच्यासारख्या दिसता.” नियमात बसत नव्हतं, पण गाडीत अभय सर नव्हते.

गावचे पोलीस पाटील श्रावणभाऊ रस्त्यावरच वाट बघत होते. पन्नाशीचा, उत्साही माणूस.

“गिरजाबाई? ते तं मरून गेली मॅडम, मी शाळेतबी नव्हतो जात तवा. नवरा आधीच गेल्ता. कोनी नाई उरलं तिचं. घरबी बसलं पान्यानं.” मग त्यांनी एलेनकडे बघून आवाज खाली आणला. “पार्बताबाईले विचारा. शेजारीन होय तिची. पन ते आता बांधीत असन.”

पार्बताबाई सत्तरी ओलांडलेल्या. वाकवत नव्हतं म्हणून धुऱ्यावर बसून पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधत होत्या. पुढे बांधीत सात-आठ बाया ओळीनं रोवत होत्या. आम्हाला बघून ओळ थांबली. श्रावणभाऊ मागे राहिले, मी पुढे गेले.

“बाई, गिरजाबाईची मुलगी होती ना एक? कचरा?”

त्यांचे हात थांबले. “कोनं सांगतलन तुमाले?”

“ही तीच आहे.”

पार्बताबाई उठून उभ्या राहिल्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे. मग बांधीच्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा तळवे उलटून बघितले, पुन्हा पुसले. पुढे मात्र आल्या नाहीत. एलेनही जागची हलली नाही. दोघींच्या मध्ये मी, माझ्या सँडलमध्ये चिखल शिरत होता.

“विचारा,” एलेन म्हणाली.

मी नियमाप्रमाणे विचारलं, “मला विकलं होतं का?”

पार्बताबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. “हो तं. म्याच घेतली तुले.”

हे वाक्य मला माझ्या तोंडून म्हणायचं होतं. ‘हो, मीच विकत घेतलं तुला.’ मी त्यावर अडले. इतक्या वर्षांच्या कामात असं एकदाही झालं नव्हतं. शेवटी म्हटलं. एलेनचा चेहरा तसाच राहिला. तिनं विचारलं, “कितीला?”

“पायलीभर धान. तोबी सासूले चोरून देल्लो.”

मी तेही सांगितलं. पायली म्हणजे धान मोजायचं माप, हे नर्सबाईच्या भाषेतलंच ‘धान्याचं एक माप’. एलेननं मान डोलावली, बँकेच्या खिडकीवर काम झाल्यावर डोलावतात तशी. “मर्सी, मादाम,” म्हणाली आणि धुऱ्यावरून गाडीच्या दिशेनं चालायला लागली.

पार्बताबाई माझ्याकडे बघत राहिल्या. “काऊन चालली ते? म्या खरं सांगतलो ना?”

इथे मी नियम मोडला. इंटरप्रिटरला स्वतःचा प्रश्न नसतो. मी विचारला.

“बाई, गिरजाबाईंनी विकली काऊन पण?”

“मंग का करावं?” पार्बताबाईंना माझ्या प्रश्नाचं नवल वाटलं. “दोन लेकरं गेली होती तिची. पहिलं सव्वा महिन्याचं, दुसरं दात येता येता. हे तिसरी. झाली तशी सुपात घालून उकंड्यावर नेऊन ठेवलो. गिरजा पाठ फिरवून उभी. मी तिकून आलो, म्हटलो, अगे, हे कोनाचं टाकलेलं होय? गिरजा म्हने, कचरा होय, घेऊन जाय. म्या पायलीभर धान देल्लो आन् उचललो. जीव नेनाऱ्याले वाटाव ना का हे टाकलेलं हाय, ह्या घरचं नोहे. मंग तो कायले हात लावन? तुमी कुठच्या होय बाई? तुमच्याकडे नाई करत का?”

उकंडा म्हणजे उकिरडा. आमच्याकडे सगळे उकंडाच म्हणतात.

आणि आमच्याकडे करत होते की! माझ्या सख्ख्या मोठ्या काकांचं नाव उकंडा. उकंडराव मेश्राम. जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते. आजीची तीन लेकरं गेल्यावर चौथे ते, म्हणून शेजारणीनं सूपभर तांदूळ देऊन ‘घेतलेले’. घरानं पुढे दीक्षा घेतली, देव गेले, उपास गेले, पण मोठेबाबांचं नाव काही बदललं नाही. आम्ही दिवसातून पन्नासदा ‘उकंडा मोठेबाबा’ म्हणत मोठे झालो. उकिरडा कोणाच्या डोक्यात येतो? ते आमचे मोठेबाबा होते. आणि हीच मी टेबलावर बसून ‘कचरा’ या नावाला इंग्रजीत गार्बेज अशी टीप देऊन मोकळी झाले होते. घरची म्हातारी सोडून परक्या नर्सबाईची साक्ष मी काढली. लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

मी धुऱ्यावरून धावत सुटले. एकदा घसरले. एलेन गाडीच्या दाराशी होती.

“ऐका,” मी म्हटलं. “आता मी इंटरप्रिटर म्हणून बोलत नाहीये.”

आणि तिला सगळं सांगितलं. दोन गेलेली लेकरं, सूप, उकंडा, पाठ फिरवून उभी असलेली गिरजाबाई. तिनं ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसेना. लोक चांगलं वाटावं म्हणून गोष्टी रचतात, हे तिनं आयुष्यभर बघितलं होतं.

“तुम्ही हे आत्ता मला बरं वाटावं म्हणून सांगताय.”

“माझ्या मोठ्या काकांचं नाव उकिरडा आहे.”

ती बघत राहिली. “घरात कोणाला आवडत नव्हते?”

“आजीची पाच मुलं जगली. घरातली पहिली आंब्याची फोड त्यांची. ताप आला तर त्यांच्याच उशाशी रात्रभर बसायची. बाकीचे चिडायचे. ज्याच्या जाण्याची सगळ्यांत जास्त भीती, त्यालाच असं नाव ठेवतात. नको असलेल्या पोराला इतका खटाटोप कोण करतं?”

एलेननं चष्मा काढला. गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकवले आणि मान खाली घालून रडली. तीस वर्षांचं रडणं होतं. पलीकडे श्रावणभाऊ उगाच टायर तपासत होते.

थोड्या वेळानं तीच म्हणाली, “मग ती बालगृहात आलेली बाई?”

आम्ही परत गेलो. पार्बताबाई तिथेच उभ्या होत्या. आता बांधीतल्या बायाही जवळ आल्या होत्या. पार्बताबाईंनी सांगितलं ते मी वाक्यावाक्यानं फ्रेंचमध्ये देत गेले, ‘मी’ला ‘मी’ ठेवून.

“गिरजा दवाखान्यात मेली, खबर आली. तवा माहा लहाना पोरगा अंगावर पित होता. तो सासूजवळ ठेवलो आन् मी गेलो. आरमोरीपावतर पायी, तिथून मोटरनं. मले वाटलं, गिरजा गेली तं आता पोरगी माहीच. पहिलेपासून माहीच होती ना. त्या गोऱ्या बाईनं इचारलन, तू कोन होय? म्या खरं सांगतलो. म्हटलो, पोरगी माही होय, पायलीभर धान देऊन घेतली हाय म्या. तिच्यासंग एक बाबू होता, त्यानं तिले काईतरी सांगतलन. तं ते बाई लालबुंद झाली. पोलिसले बोलावतो म्हने. चपराशानं हात धरून बाहीर काढलन मले.”

“मग?” एलेननं विचारलं.

“मंग धान कापून झाल्यावर आनखी गेलो. पुन्हा तेच सांगतलो. तेच तं खरं होतं, दुसरं का सांगू? तिसऱ्या खेपेले गेलो तं म्हने, पोरगी इमानात बसून गेली.”

एक बाई मागून म्हणाली, “अजूनबी इमान दिसलं का मान वर करते हे. आमी म्हनतो, पार्बताबाईचं इमान आलं.” बाया हसल्या, मग एलेनकडे बघून गप्प झाल्या.

मला राहवलं नाही. “बाई, मावशी होय म्हणून सांगतलं असतं तर दिली असती त्यांनी.”

“हो?” पार्बताबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. इतक्या वर्षांत हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. “मावशी नोहो ना पन मी तिची,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “दोन पोरं हायत मले. पोरगी एकच. ते अशी गेली. जेवाले बसलो का वाटे, कोनाच्या ताटात जेवत असन? कोन तिचे केस इचरत असन?”

हे मी फ्रेंचमध्ये रडत रडत सांगितलं. अभय सरांना हे कळवलेलं नाही. एलेन पुढे झाली. पार्बताबाईंनी पुन्हा एकदा हात पदराला पुसले, पण एलेननं ते चिखलासकट धरले आणि आपल्या आखूड केसांवर ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनुवादाचं ते पान परत काढलं. रिक्लेम खोडलं. तिथे ‘टू टेक हर होम’ लिहिलं. मुलीला घरी न्यायला एक बाई आली होती. खाली चार ओळींची टीप जोडली, विकण्याची रीत काय आणि कचरा हे नाव का ठेवतात त्याबद्दल. पान मेल करून अर्धा तास झाला नाही तोच फोन वाजला.

“मॅडम, सर्टिफाइड झालेलं डॉक्युमेंट बदलता येत नाही.”

“चुकलेलं बदलता येतं. रिव्हाइज्ड म्हणून पाठवा.”

“शब्द तसा चूक नव्हता ना पण. डिक्शनरीत आहे.”

“डिक्शनरीत बाराही आहेत सर. मी चुकीचा उचलला.”

“आणि ही टीप? क्लायंटनं मागितलेली नाही. टीप म्हणजे अनुवादकाचं मत.”

“मत नाही, माहिती आहे. टीप नसेल तर माझी सहीही काढा.”

अभय सर म्हणाले, “बरं. चारच्या दोन ओळी करा.” दोन केल्या.

एलेन चार दिवस गावात राहिली, पार्बताबाईंच्या घरी. दिवसा मी जात होते, पण तिसऱ्या दिवसापासून माझं फारसं काम उरलं नाही. दोघी धुऱ्यावर बसून पेंड्या बांधायच्या. एलेनची पेंडी सुटायची, पार्बताबाई न बोलता परत बांधायच्या.

निघायच्या दिवशी अंगणात बरीच माणसं जमली. श्रावणभाऊ घरातून लाकडी पायली घेऊन आले, शिगोशीग धानानं भरलेली.

“मॅडम, एक राह्यलं,” ते म्हणाले. “अशी घेतलेली पोरगी असली का तिच्या लग्नात मायबाप पायलीभर धान परत देतेत आन् सोडवून घेतेत. हिचं कोनं केलंच नाई. गिरजाबाईकडून आमी गाववाले देतो. रीत पुरी होऊन जाईन.”

पदराचं टोक बोटाला गुंडाळत पार्बताबाई पायलीकडे बघत होत्या. रीत त्यांनाही ठाऊक होती, आणि त्यांनी आयुष्यात रीत मोडलेली नव्हती.

एलेननं मला विचारलं, “हे काय आहे?”

मी सांगितलं. गिरजाबाईंच्या वतीनं गाव तिला सोडवून घेणार आहे. श्रावणभाऊंचा हेतू चांगला होता, तेही सांगितलं.

“म्हणजे हे दिल्यावर मी यांची नसेन?”

“रीतीप्रमाणे नाही.”

तिनं पायलीकडे बघितलं, पार्बताबाईंकडे बघितलं.

“मग नको,” ती म्हणाली. “त्यांना सांगा, नको. मला सोडवू नका.”

मी ‘मी’ला ‘मी’ ठेवून सांगितलं, “मले सोडवू नका.” तेवढं एक वाक्य माझ्याकडून झाडीबोलीत गेलं. नियमाबाहेर नव्हतं.

पार्बताबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग श्रावणभाऊंना म्हणाल्या, “ठेव मंग ते धान घरात. पुढच्या सालले पोरगी येईन, तवा खायाले लागन.”

नव्या अनुवादकांना मी शिकवते तेव्हा सांगत असते, की शब्द अडला तर त्याच्या शेजारचे शब्द बघा. हल्ली त्यात एक जोडते. त्या शब्दाच्या शेजारी एखादी म्हातारी जिवंत असेल, तर आधी गाडी काढा आणि तिला जाऊन विचारा. डेडलाइन काय, ती पुढे ढकलता येते.